हवेचा हिशेब

आमच्या धंद्यात हवा सोडून सगळ्याचं बिल येतं. डिझेलचं येतं, कोगनोळी आणि हत्तरगीचा टोल फास्टॅगमधून परस्पर कापला जातो, इन्शुरन्स, परमिट, फिटनेस, ग्रीस, इतकंच काय, ड्रायव्हरनं ढाब्यावर घेतलेल्या दोन जादा रोट्यांची चिठ्ठीसुद्धा माझ्या टेबलावर येते. हवा मात्र फुकट. फार तर रस्त्याकडेचा पंक्चरवाला दहावीस रुपये मागतो, आणि तेही ड्रायव्हर आपल्या भत्त्यातून देऊन मोकळा होतो. बेळगावच्या ऑटोनगरात बसून घरच्या ट्रक-ट्रेलरांचे हिशेब मी बरीच वर्षं लिहिते आहे. ज्याचं बिल नाही त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, हे मला या टेबलावरच कळलं. आणि उद्यमबागेतल्या फौंड्रीचं कास्टिंग असो, यमनापूरच्या कारखान्याचा बॉक्साईट असो की परतीच्या वाटेवरचा सिमेंटचा लोड, सगळं चाललेलं असतं त्या फुकटच्या हवेवर.

टायरच्या कडेला छापलेले आकडे मी वाचायला लागले तेव्हा सासऱ्यांना गंमत वाटली होती. दहा-वीसच्या (दहा इंच रुंद, वीस इंची रिमच्या), सोळा प्लायच्या, म्हणजे सोळा थरांच्या ताकदीच्या टायरवर बहुधा १४६/१४३ असं लिहिलेलं असतं. ड्रायव्हर लोकांना तो कंपनीचा कसलातरी नंबर वाटतो. पहिला आकडा म्हणतो, मला एकट्याला लावलंत तर ३,००० किलो उचलेन. दुसरा म्हणतो, जोडीत लावलंत तर २,७२५. जोडीत ताकद कमी का धरायची? कारण जोडीतले दोघे कधीच सारखं ओझं उचलत नाहीत. रस्ता मधे फुगलेला असतो, एक जरा जास्त झिजलेला असतो, एकाची हवा उतरलेली असते. कंपनीनं हे आधीच गृहीत धरलेलं असतं. आणि हे आकडेही पूर्ण हवा असेल तरच खरे.

आता गुणाकार करा. मागच्या एका ॲक्सलला चार टायर, म्हणजे १०,९०० किलो. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चार टायरच्या ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. तेव्हा आमच्या गल्लीत आनंदीआनंद होता. त्याच गाडीत जास्त माल, तोही कायदेशीर! टायर तेच होते, ते कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या आलं, कारण माझ्यापुढे कागद होता. अठरा प्लायचा १४९/१४६ घेतला तर जोडीत एकेक टायर ३,००० किलो धरतो, चारांचे बारा टन होतात, हिशेब बसतो. 'वहिनी, सोळा आणि अठरात पैशाचा फरक बघितलास का?' असं दीर म्हणाले. बघितला होता. दुसऱ्या बाजूचा फरक त्यांना लिहून दाखवला तेव्हा ते गप्प बसले. पटलं म्हणून गप्प बसले असं मात्र मी म्हणणार नाही.

आमच्याकडे गाडीची चौकशी करताना कंपनी नंतर येते, आधी टायर मोजले जातात. सहाचाकी, दहाचाकी, बाराचाकी, चौदाचाकी. ट्रेलर बावीसचाकी, म्हणजे घोड्याचे, पुढच्या ओढणाऱ्या इंजिनगाडीचे, दहा आणि मागच्या तीन ॲक्सलचे बारा. स्टेपनी वेगळी. या बावीसातले दहा टायर आत असतात. जोडीतला आतला टायर, ज्याचा व्हॉल्व्ह बाहेरच्या रिमच्या खिडकीतून हात घालून शोधावा लागतो, तिथे ग्रीस, चिखल आणि ब्रेकच्या ड्रमची काळी धूळ एकत्र बसलेली असते, आणि गेजचं तोंड व्हॉल्व्हवर सरळ बसत नाही. फुस्स करून हवाच जास्त जाते. बाहेरच्या टायरांना दहा मिनिटं लागतात, आतल्यांना अर्धा तास आणि वर शर्टाची बाही. त्यामुळे आतला टायर 'असेल की' या दोन शब्दांवर महिनोन्महिने चालतो. खंडेनवमीला गाड्या धुतल्या जातात, झेंडूच्या माळा चढतात, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवून चिरडतात, तेव्हा हळदकुंकूही बाहेरच्याच टायरला लागतं. आतल्याच्या नशिबी तेही नाही.

यावर रस्त्यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे टॉमी, टायर खोलायची लोखंडी पहार. ढाब्यावर गाडी लागली की क्लीनर खाली उतरतो आणि टॉमीनं एकेक टायर बडवत गाडीला फेरी मारतो. चांगल्या टायरवर टॉमी उसळते आणि टणक आवाज येतो, पंक्चर झालेला धप्प वाजतो. आमचे निपाणीकडचे जुने ड्रायव्हर आहेत, सगळे त्यांना बाबाच म्हणतात, त्यांचा या आवाजावर फार भरवसा. 'अक्का, आवाजावरनं कळतंय की. हाताला कळतंय. गेज कशाला पाहिजे?'

मी एकदा अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या एका टायरची हवा मुद्दाम ऐंशी पौंडांवर आणून ठेवली, शेजारचा एकशेदहावर होता, आणि बाबांना म्हटलं, सांगा कुठला. त्यांनी दोन्ही बडवले. पुन्हा बडवले. मग वाकून बघितलं. जोडीत तेही दिसत नाही, कारण कमी हवेचा टायर शेजाऱ्याच्या खांद्यावर उभा असतो, दबलेला वाटतच नाही. बाबांनी बोट केलं ते चुकीच्या टायरकडे. बाबा बिचारे प्रामाणिक, 'आवाज सारखाच येतोय गा' असं स्वतःच म्हणाले. टॉमीला पंक्चर झालेला टायर कळतो. पंक्चर होऊ घातलेला कळत नाही, आणि पैसे जातात ते तिथे.

या धंद्यातला जाणकार नियम असा की ठरलेल्या हवेपेक्षा २० टक्के खाली गेलेला टायर पंक्चरच समजायचा. एकशेदहाच्या टायरला अठ्ठ्याऐंशीच्या खाली गाडी हलवायची नाही. ऐकायला हा सोवळेपणा वाटतो. पण टायर आत काय सोसतो ते बघा. दहा-वीसचा टायर एका किलोमीटरला साधारण तीनशे फेरे घेतो. निपाणीहून बेळगावात येईपर्यंत वीस हजारांच्या वर. प्रत्येक फेऱ्यात टायरची कड रस्त्याशी आली की फुगते आणि वर गेली की सरळ होते. हवा पुरी असेल तर हे फुगणं थोडकं. कमी असेल तर कड खोलवर वाकते, रबर आतल्या आत घासलं जातं आणि तापतं. रबर उष्णता लवकर बाहेर सोडत नाही. ती साठत जाते, थर एकमेकांपासून सुटायला लागतात, आणि मग हत्तरगीच्या पुढे कुठेतरी रस्त्यावर काळी पट्टी पसरलेली आपल्याला दिसते. लोक म्हणतात, रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर चढवलेली नवी नक्षी, उडालं. बहुतेक वेळा बिचाऱ्या रिमोल्डचा दोष नसतो, खाली हवा नव्हती.

जोडीत तर एकाचं पाप दोघांना लागतं. मऊ टायर काम टाळतो, कडक टायरवर त्याच्याही वाटणीचं ओझं येतं. दोघे एकाच हबला बांधलेले, त्यामुळे फेरे सारखेच घ्यावे लागतात. मऊ टायरचा घेर छोटा झालेला असतो, म्हणून तो थोडा थोडा फरफटत जातो आणि झिजतो. लोड जास्त असला तर दोघांच्या कडा एकमेकींना लागतात, घाटात तिथून धूरही निघतो. उभ्या गाडीच्या मागच्या टायरनं पेट घेतला अशा बातम्या आपण वाचतो, त्यातल्या काहींचं मूळ इथं असतं. काहींचं अडकलेल्या ब्रेकमध्ये.

उन्हाळ्याचं एक वेगळंच शास्त्र ड्रायव्हर लोकांनी तयार केलं आहे. 'उन्हाळ्यात हवा कमीच ठेवायची असती, न्हाईतर फुटतंय.' हे मी कागलपासून धारवाडपर्यंत प्रत्येक ढाब्यावर ऐकलं आहे, आणि सांगणारा माणूस नेहमी माझ्यापेक्षा वयानं मोठा असतो, त्यामुळे पंचाईत. त्याचं म्हणणं डोळ्यांना पटण्यासारखं आहेच. एप्रिलच्या दुपारी संकेश्वरला गाडी थांबवून गेज लावलं तर एकशेदहाचं एकशेपंचवीस झालेलं दिसतं. हवा तापली की पसरते, टायर बनवणाऱ्यानं ते धरलेलंच असतं. पण माणूस घाबरतो, व्हॉल्व्हची पिन दाबतो आणि पंधरा पौंड सोडून देतो. रात्री गाडी उभी राहते, टायर गार होतो, आणि पहाटे तोच टायर पंच्याण्णववर बसलेला असतो. दुसऱ्या दिवशी तो जास्त वाकणार, जास्त तापणार, दुपारी पुन्हा आकडा चढलेला दिसणार, पुन्हा पिन दाबली जाणार. फुटायच्या भीतीनं चालवलेला हा उद्योग टायरला बरोबर फुटायच्या वाटेवर नेऊन ठेवतो. म्हणून हवा बघायची ती गार टायरची, पहाटे, गाडी हलायच्या आधी. निदान तीन तास उभी राहिलेली हवी. तापलेल्या टायरची हवा सोडायची नाही. कमी वाटली तर मात्र थांबून कारण शोधायचं.

घाट उतरताना आणखी एक भानगड असते, ती हिशेबात धरायला मी उशिरा शिकले. चोर्ल्यातून किंवा अनमोडातून गोव्यात उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक ड्रम इतके तापतात की ती धग रिममधून टायरच्या ओठाला, म्हणजे बीडला लागते. वरून टायर नव्यासारखा दिसतो, आणि उतरवला की बीडचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं. गोव्याच्या गाड्यांचे टायर आमच्याकडे पुण्याच्या गाड्यांपेक्षा लवकर रिमोल्डला नापास होतात, त्याचं कारण हे. लोंढा-रामनगर पट्ट्यातले खड्डे आणि जांभ्या दगडाचे काप त्यात भर घालतात. या भागातले क्लीनर स्क्रू ड्रायव्हर घेऊन टायरच्या खाचांतले खडे काढत बसतात, ते बघून शहरातल्या माणसाला वाटेल, पोरगं वेळ घालवतंय. खाचेत रुतलेला खडा दर फेऱ्याला आत ठोकला जातो, रबर संपलं की तारेपर्यंत जातो, मग पावसाचं पाणी तारेला गंज लावतं. पोरगं हजारो रुपये वाचवत असतं.

पाऊस म्हटल्यावर कंप्रेसर आठवला. बेळगावचा पाऊस जूनमध्ये सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत कपडे वाळत नाहीत. तीच ओल कंप्रेसरच्या टाकीत जमते. टाकीच्या तळाला पाणी सोडायची एक चावी असते. ऑटोनगरातल्या किती चाव्या गंजून जाम झाल्या आहेत ते मी सांगत नाही, भांडणं होतील. न सोडलेलं पाणी हवेबरोबर टायरात जातं, रिम आतून गंजते, गंजाचे पापुद्रे व्हॉल्व्हमध्ये अडकतात. नायट्रोजन भरून घ्या म्हणून एक विक्रेता आमच्याकडे चांगला तासभर बसला होता. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. त्याच्या गॅसचा खरा गुण म्हणजे तो कोरडा असतो, आणि कोरडेपणा आम्ही रोज सकाळी ती चावी सोडून मिळवू शकतो. त्याला चहा पाजला आणि घालवला.

व्हॉल्व्हच्या टोपीबद्दल मी फार बोलते असं घरातल्यांचं मत आहे. असू दे. पाचदहा रुपयांची ती पितळी टोपी, आत रबराची वॉशर. लोकांना वाटतं ती धूळ अडवायला असते. धूळ अडवतेच, पण पिन जराशी गळत असेल तर हवा रोखून धरणारी शेवटची वस्तू तीच. आमच्याकडे बैलहोंगलकडचं एक क्लीनर पोरगं आहे, कानडी बोलणारं, मराठी आता फर्मास बोलतं, त्याची पद्धत बघण्यासारखी आहे. टोपी काढून तोंडात धरतो, म्हणजे चिखलात पडत नाही. गेज लावून आकडा वाचतो. मग बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर पडदा धरतो आणि श्वास रोखून बघतो. पडदा तसाच राहिला तर टोपी लावून पुढे. बुडबुडा फुगला तर पिन आवळतो, पुन्हा थुंकी. आतल्या टायरला डोळा पोचत नाही, तिथे तो बोटाच्या टोकाला गारवा लागतो का ते बघतो. हे त्याला कुणी शिकवलं ते मी विचारलं तर म्हणाला, 'पंक्चरवाल्या अण्णानं.' हे अण्णा म्हणजे केरळचे. आपल्याकडे हायवेला पंक्चरचं दुकान म्हटलं की निम्म्या ठिकाणी मालक केरळचा निघतो. ज्या मुलखात देशातलं बहुतांश रबर पिकतं तिथला माणूस आमच्या टायरची पंक्चरं काढायला इथवर येतो, कानडी-मराठी-हिंदीची भेळ करून सगळ्यांशी बोलतो आणि सीमाप्रश्नावर अवाक्षर काढत नाही.

त्या पोराचं काम बघूनच मला हवेला बिल लावायची कल्पना सुचली. टायर रजिस्टर आमच्याकडे सासऱ्यांच्या काळापासून आहे. प्रत्येक टायरच्या कडेला तापल्या लोखंडानं आमचा नंबर डागलेला, आणि वहीत तो कुठल्या गाडीला, कुठल्या जागेला, किती किलोमीटरवर चढवला, नक्षीची खोली किती. डागायचं कारण उघड आहे. नवा टायर घेऊन गेलेली गाडी जुना टायर घेऊन परत येते, आणि ड्रायव्हर शपथेवर सांगतो, हाच होता. त्या वहीत मी हवेचा रकाना वाढवला आणि पहाटे आतल्या टायरांसकट हवा घेऊन आकडे लिहून देणाऱ्या क्लीनरला फेरीमागे भत्ता सुरू केला. दीर खवळले. 'त्याचं कामच आहे ते, वहिनी. उद्या गाडीत चढायचे पैसे मागतील.' मी म्हटलं, काम असून इतकी वर्षं झालं नाही, आता पैसे देऊन होतंय का बघू. पहिले काही आठवडे सगळ्या टायरांची हवा एकशेदहा आली. प्रत्येक टायर, प्रत्येक सकाळ, एकशेदहा! खोटं लिहिताना माणूस नेहमी गोल आकडा लिहितो. मग मी जाहीर केलं की कमी हवा सापडवून देईल त्याला जास्त पैसे. दुसऱ्या दिवशीपासून वहीत अठ्ठ्याण्णव, एकशेतीन, सत्त्याऐंशी असे आकडे यायला लागले, आणि आपण इतके दिवस कशावर चाललो होतो ते घरात सगळ्यांना दिसलं. व्हॉल्व्हवर बसवायचे सेन्सर आणि केबिनमधला पडदा आम्ही एका ट्रेलरला लावून बघितला. चांगली वस्तू आहे, पण ते शिट्टी वाजवतं म्हणून ड्रायव्हरनं स्पीकरवर चिकटपट्टी लावली होती. पोरगं स्वस्त पडतं आणि त्याला चिकटपट्टी लावता येत नाही.

झीज वाचायला मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही, धुण्याचे डाग वाचणाऱ्या बाईला ते आपसूक येतं. टायर मधेच झिजला, हवा जास्त. दोन्ही खांद्यांवर झिजला, कमी. एकाच बाजूला झिजला, ॲक्सल वाकलाय किंवा बेअरिंग सैल आहे. पुढच्या टायरवर आडवा हात फिरवला तर एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं बोटाला धार लागते, तेव्हा अलाइनमेंट गेलं. जागोजागी खड्डे पडले असतील तर शॉकॲब्सॉर्बर बघा. कायद्यानं नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. आम्ही तीनवर उतरवतो. कायद्याचा आदर वगैरे आहेच, पण गोटा झालेल्या टायरला दगड लागून केसिंग, म्हणजे टायरचा आतला सांगाडा, मेलं तर रिमोल्ड कशाचं करणार?

रिमोल्डबद्दल लोकांच्या मनात किंतु आहे, तो मला पटत नाही. वीस हजारांच्या वरचा टायर, त्यातली महाग गोष्ट म्हणजे आतलं तारेचं केसिंग. वरची नक्षी संपली म्हणून सगळं फेकणं हे मला चप्पलचा तळ झिजला म्हणून चप्पल फेकण्यासारखं वाटतं, आणि कोल्हापुरी चपला बनवणाऱ्या अथणी-निपाणीच्या मुलखात ते कुणी करत नाही. जवळच्या रिट्रेडिंगच्या शेडमध्ये मी दुपारभर उभी राहून सगळं बघितलं आहे. टायर मशीनवर चढवून पाकळ्या ओढून फाकवतात, एक म्हातारे मामू हातदिवा घेऊन आत डोकं घालतात आणि मुठीनं आतली भिंत चाचपत जातात. कुठे रबर सुरकुतलंय, कुठे तार टोचतेय. सुरकुती म्हणजे हा कमी हवेवर पळालाय, नापास. त्यांनी आमचे जे टायर बाजूला फेकले त्यांचे नंबर मी वहीत ताडून बघितले. बहुतेक आतले निघाले. पास झालेल्याची जुनी नक्षी खरवडतात, जखमा साफ करून भरतात, सोल्यूशन लावतात, मऊ रबराचा पातळ थर, त्यावर तयार नक्षीचा पट्टा. मग रबरी पिशवीत घालून चेंबरमध्ये शंभर अंशांच्या आसपास काही तास. याला कोल्ड प्रोसेस म्हणतात. शंभर अंशांना कोल्ड म्हणायचं, कारण जुन्या साच्याच्या पद्धतीत ते दीडशेवर जातं. खर्च नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतबाहेर. एकच गोष्ट आम्ही करत नाही, पुढच्या ॲक्सलला रिमोल्ड लावत नाही. मागे जोडीतला एक गेला तर दुसरा गाडी धरतो. पुढे धरायला कुणी नसतं.

नवा टायर घेतानाही कडेवरचा शेवटचा चार आकडी शिक्का बघावा. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. गोदामात तीन वर्षं पडून राहिलेला टायर 'कालच आलाय' म्हणून गळ्यात मारणारे असतात. नाव घेत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी घरात कुणाचंच ऐकत नाही, ती म्हणजे लॉक रिंग. ट्यूबच्या चाकात टायर, ट्यूब, फ्लॅप आणि या सगळ्याला रिमवर धरून ठेवणारी लोखंडी रिंग असते. ती खोबणीत नीट बसली नसेल आणि एकशेदहा हवा भरली, तर सुटून येते ती तोफेतून. समोर वाकून हवा भरणाऱ्याचं तोंड त्याच उंचीवर असतं. आमच्याच गल्लीत एका दुकानात असं झालं. माणूस जगला. त्याबद्दल आणखी लिहायची इच्छा नाही. चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळी लावून, बाजूला उभं राहून हवा भरायची. पिंजरा नसेल तर रिंग जमिनीकडे करून, चाकातून साखळी ओवून. कमी हवेवर बरंच अंतर पळालेल्या टायरला तर खोलून आतून बघितल्याशिवाय हवा मारायचीच नाही. त्याच्या कडेतल्या तारा वाकून वाकून तुटलेल्या असतात, आणि भरताना ती कड झिप उघडावी तशी एका रेषेत फाटते. ट्यूबलेसच्या साडेबावीस इंची रिमला लॉक रिंगच नसते, तेवढ्या एका कारणासाठी आमच्या पुढच्या सगळ्या गाड्या ट्यूबलेस घ्यायच्या असं मी ठरवून टाकलं आहे. पंक्चरवाले अण्णा आतून लावायचा मश्रूम पॅच लावायलाही शिकलेत. बाहेरून दोरी खुपसून चालवणं फक्त घरी पोचेपर्यंत.

हवेचा टायर ज्यानं चालू केला तो, १८८८ साली, बेलफास्टमधला एक गुरांचा डॉक्टर होता, डनलॉप नावाचा. पोराच्या तीनचाकी सायकलला धक्के बसतात म्हणून त्यानं रबराच्या नळीत हवा भरली. त्याच्याही आधी, १८४५ मध्ये, थॉमसन नावाच्या एका स्कॉटिश माणसानं याच कल्पनेचं पेटंट घेतलं होतं आणि जग ते विसरून गेलं होतं. म्हणजे हवेकडे दुर्लक्ष करायची सवय आमच्या ड्रायव्हरांनी लावलेली नाही.

ऑक्टोबर उजाडला की आमच्या अंगणात वेगळी गिऱ्हाइकं येतात. उसाचा हंगाम तोंडावर असतो, हुक्केरी, चिक्कोडी, रायबागकडचे ट्रॉलीवाले आणि टायरगाडीवाले जुने टायर शोधत फिरतात. रिमोल्डला नापास झालेला ट्रकचा टायर बैलगाडीला चांगली दोन-तीन वर्षं जातो. बैलाच्या चालीला तो तापत नाही, त्यामुळे तो मी बिनघोर देते. ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉलीचं तसं नाही. दोन ट्रॉल्या, वर शीग लावलेला ऊस, कधी त्याच्यावर टोळीतली माणसं, आणि खाली कुणी फेकून दिलेले टायर. तार दिसणारा किंवा बीड तडकलेला टायर मी ट्रॉलीला देत नाही. तो कापून घेते आणि मग विकते. त्याच्या बादल्या होतात, चपलांचे तळ होतात, पण कापलेला टायर पुन्हा चाकावर चढत नाही. त्यात माझे पैसे कमी होतात, दीर दरवर्षी न चुकता सांगतात.

गेल्या हंगामात हुक्केरीकडचा एक पोरसवदा ट्रॉलीवाला आला. चांगले टायर निवडून बाजूला काढले, भाव ठरला. मी विचारलं, हवा किती ठेवतोस? हसला. 'अक्का, ट्रॉलीची हवा कोण बघतंय? पायानं दाबून बघायचं.' मग त्याला बसवलं, क्लीनर पोराला बोलावलं, गेज कसं धरायचं, गार टायर म्हणजे काय, थुंकीचा पडदा कसा धरायचा, सगळं दाखवायला लावलं. त्यानं मन लावून ऐकलं, दोनदा स्वतः करून बघितलं. जाताना टायरांबरोबर एक गेजही घे म्हटलं, तर किंमत विचारली आणि आ वासला. टायरांच्या भावात त्यानं एक रुपया कमी मागितला नव्हता. गेजसाठी मात्र पाऊण तास घासाघीस केली, चहा प्याला, पुन्हा घासाघीस केली, आणि शेवटी खरेदीच्या भावात घेऊन गेला.